तीन दिशांचं प्रस्थान

आमच्या घरात माझ्या कल्याणच्या आधी कुणी परीक्षा पास झालं नव्हतं, त्यामुळे पास झालेल्या माणसाचं पुढं काय करायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. नापास झालेल्याची सोय असते. त्याला दुकानात बसवतात. पास झालेल्याला कुठं बसवायचं?

कल्याण मॅट्रिक झाल्याचं बीडहून कळलं त्या दिवशी मी पाच जंगमांना जेवू घातलं, महादेवाला बेल वाहिला, आणि आता सगळं झालं असं समजून निवांत झाले. संध्याकाळी कल्याण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, मला हिशेबाचं शास्त्र शिकायचंय. कॉलेजात त्याची पदवी असती."

आमचे हे तिथंच सुपारी कातरत बसले होते. धारूरच्या पेठेत आमचं किराणा-भुसाराचं दुकान; गुरुपादअप्पांचं दुकान म्हटलं की कुणीही दाखवील. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"हिशेबाचं शास्त्र? मंग मी इतकी वर्सं गादीवर बसून काय भजन करायलोय?"

"तसं न्हाई आप्पा. शास्त्रात प्रत्येक पैशाची दोन ठिकाणी नोंद करतात."

"कावून? एका ठिकाणाहून पळून जातोय का त्यो?"

कल्याण हसला नाही. त्याला या विषयात हसू येत नसे. लहानपणी इतर मुलं गोट्या खेळायची तेव्हा हा कुणाकडून किती आल्या नि कुणाकडं किती गेल्या हे सांगत बसायचा, आणि त्यामुळे त्याला कुणी खेळायला घेत नसे. असं पोर आणखी कुठं जाणार?

शेवटी यांनी निकाल दिला. कॉलेजं उघडायच्या आत परवडेल अशी जागा पक्की झाली, तर कल्याणनं जावं. नाही झाली, तर मुकाट्यानं गादीवर बसावं आणि उमापूरहून सांगून आलेल्या सोयरिकीला हो म्हणावं. कल्याण हो म्हणाला खरा, पण रात्री ताटावर बसला तेव्हा त्यानं भाकरीचे फक्त तुकडे केले. ते मी पाहिलं. त्या दिवसापासून हे काम माझं झालं.

आता माझ्याविषयी एवढंच सांगायचं, की मी हळू बोलते. आमच्या गुरूंनी लहानपणी सांगितलं होतं, ज्या तोंडानं पंचाक्षरी मंत्र म्हणायचा त्या तोंडानं ओरडू नये. मी ते पाळलं. तीन वेळा लिंगपूजा, सोमवारचा उपास, पूजा होईपर्यंत मौन, हे सगळं पाळते. गुरूंनी फक्त एक सांगायचं राहून गेलं, की हळू बोलणाऱ्या बाईचं घरात कुणी ऐकत नाही.

बातमी पेठेत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ओट्यावर सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. सल्ल्याला पैसे पडत नाहीत, आणि वर चहा मिळतो.

पहिले आले सुंदरराव. सुंदरराव मोठे जमीनदार. त्यांच्याशिवाय गावात भांडण सुरू होत नाही आणि मिटतही नाही.

"वहिनी, पोराला हैद्राबादला पाठवा. निजाम सरकारच्या उर्दू जबानीत हिशेब शिकल. उद्या खजिन्यात बसला तर तुमच्या दुकानाकडं वर मान करून बघायची कुणाची हिंमत न्हाई. तिथं माझ्या वळखीचा एक लई मोठा साहेब हाय."

मग मागच्या अंगणातून गंगासागरबाई आल्या. त्या आमच्या पश्चिमेच्या शेजारीण. त्यांचं बोलणं ऐकायला त्यांच्याजवळ असावं लागत नाही.

"काय करायचंय हैद्राबाद? पुण्याला घाला! आपल्या मठाचं बोर्डिंग हाय. माझा भाचा हाय की तिथं. दोन येळचं जेवण फुकट, पूजेला वायली खोली. पैलं वर्स पुण्यात करायचं, मंग म्हमईच्या कॉलेजात जायचं. गेला तवा माझा भाचा काडी होता काडी. आता दारातून आडवं यावं लागतंय त्याला!"

तिसरा धुळाजी, भाड्यानं बैलांची दमणी हाकणारा. त्याचं मत औरंगाबादकडं पडलं.

"औरंगाबाद कावून रे?" यांनी विचारलं. "तिथं काय हाय?"

"तिथलं मला काय म्हाईत मालक? पर वाटंवर गेवराईला माझी सासुरवाडी हाय. मुक्काम फुकट."

मी तिघांचंही नीट ऐकलं आणि कल्याणकडून तिन्ही गावांना पत्रं लिहवून घेतली. खर्च किती, राहायचं कुठं, आणि पुण्याच्या पत्रात आमच्या निजामी हाली रुपयाला तिकडं बट्टा किती बसतो, एवढंच विचारलं. उत्तरं येईपर्यंत जे व्हायचं ते होईल, असं म्हणून मी पूजेला बसले. पूजा आटोपून उठले तोच पंडितबुवा जोशी आले.

आम्ही शिवभक्त माणसं. तिथी-नक्षत्रांच्या नादी लागू नका असं आमच्या शरणसंतांनी केव्हाच सांगून ठेवलंय, आणि आम्ही ते मानतोही. पण पंडितबुवा आमच्याच बोळात राहतात, आणि नाही विचारलं तर त्यांना वाईट वाटतं. म्हणून आम्ही विचारतो. आणि विचारल्यावर पाळलं नाही तर आणखी वाईट वाटतं, म्हणून पाळतो.

"यंदा आषाढ अधिक आला हाय," पंडितबुवा म्हणाले. "अमावास्या झाली की लागतोच. अधिकात विद्येसाठी घरातून पाऊल काढायचं न्हाई. काढलं तर विद्या अधिक होत न्हाई, खर्च अधिक होतो."

खर्च म्हटल्याबरोबर हे सावरून बसले. "आन कॉलेजं कवा उघडतात?"

"अधिकातच," कल्याण म्हणाला. त्याचा चेहरा पाहवेना.

"मंग संपलंच की," हे म्हणाले. मला उगीच वाटलं की त्यांना जरा बरं वाटलं.

"संपत कसं?" पंडितबुवा म्हणाले. "शास्त्रात तोड हाय. प्रस्थान ठेवा."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चांगल्या दिवशी स्वतःला निघता येत नसलं, तर आपल्या अंगाखांद्यावरची वस्तू, हळकुंड आणि सुपारी एका फडक्यात बांधायची आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग तो खरा निघेल तेव्हा ते गाठोडं वाटेत उचलून पुढं जातो. एक मात्र आहे. ते गाठोडं परत आपल्या घरात आणायचं नाही, आणि ते उचलल्यावर माणसानंही मागं वळून आपला उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला की प्रस्थान मोडलं. प्रस्थान पाचच दिवस टिकतं असं पोथीत आहे म्हणे, पण पंडितबुवांनी सव्वा शेर हरभऱ्याच्या डाळीवर ते महिनाभर टिकेल असं करून दिलं.

"पर कोणत्या दिशेला ठेवायचं?" यांनी विचारलं. "अजून कुठं जायचं ते तर ठरलं न्हाई."

तेव्हा मी म्हणाले, "तिन्ही दिशांना ठेवावं."

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले. गंगासागरबाईंनी माझ्याकडं पाहून "चहा नको आता" असं म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा पंडितबुवांनी डोळे मिटले, थोडा वेळ मान डोलावली आणि ते म्हणाले, "मला एक सुचतंय. तिन्ही दिशांना ठेवावं." सगळ्यांनी वाहवा केली. मी आत जाऊन चहा टाकला.

दशमीला गाठोडी बांधली. पश्चिमेचं, म्हणजे पुण्याचं, गंगासागरबाईंकडं. त्यात कल्याणचा कोट आणि दोन धोतरं. उत्तरेचं औरंगाबादचं धुळाजीकडं. त्यात घोंगडी. आग्नेयेचं हैद्राबादचं सुंदररावांकडं. हैद्राबादला शेरवानीशिवाय कॉलेजात उभं करत नाहीत असं सुंदरराव म्हणाले होते, आणि आमच्याकडं शेरवानी नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचीच दिली. त्या सकाळी यांचा कल हैद्राबादकडं झुकलेला होता. म्हणून मी कल्याणचा मॅट्रिकचा दाखला शेरवानीच्या आतल्या खिशात जपून ठेवला, वर हळद-कुंकू लावलं आणि गाठोडं स्वतः नेऊन सुंदररावांच्या विमलबाईंच्या हाती दिलं. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

मग उत्तरं यायला लागली.

औरंगाबादचं उर्दूत आलं. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी वाचून सांगितलं की अर्जाची मुदत सरकारी सालाच्या तीर महिन्यातच संपली.

"तीर म्हंजे आपला कोणता?" यांनी विचारलं.

पंडितबुवांनी पंचांग मागून पुढं आणि पुढून मागं चाळलं. त्यात तीर नव्हता. मौलवीसाहेबांच्या जंत्रीत ज्येष्ठ नव्हता. दोघं समोरासमोर बसून दुपारपर्यंत एकमेकांचे महिने जुळवत होते, आणि उठले तेव्हा त्यांची चांगली दोस्ती झाली होती. पण तीर तो सुटलाच. धुळाजी दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

हैद्राबादचं उत्तर आलं, की मुल्की, म्हणजे निजामाच्या मुलखातला, असल्याचा सरकारी दाखला आणा, जामीन आणा, आणि पहिलं वर्ष निव्वळ भाषा पक्की करण्यात जाईल. सुंदररावांच्या वळखीच्या साहेबाचंही पत्र आलं. ते साहेब नव्हते, साहेबांचे खानसामा होते. पण त्यांनी अगदी मनापासून लिहिलं होतं, की पोराला पाठवा, पुलाव तरी पोटभर खाईल. लिंगायताच्या पोराला मटणाच्या पुलावाचं आमंत्रण! मी ते पत्र विटाळ होऊ नये म्हणून चिमट्यानं उचललं, आणि मग त्या बिचाऱ्याचा भाव चांगला होता म्हणून देवाजवळ त्याच्यासाठी प्रार्थना केली.

आणि पुण्याचं आलं. बोर्डिंगात एक जागा आहे. राहणं-जेवण फुकट. कॉलेजची फी तेवढी भरायची. मुलानं मॅट्रिकचा मूळ दाखला आणि नित्य लिंगपूजा करतो असं स्वामींचं पत्र घेऊन पुढच्या बुधवारच्या आत हजर व्हावं. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल.

कल्याणनं पत्र दोनदा वाचलं आणि वडिलांकडं पाहिलं. यांनी खूप वेळ सुपारी कातरली. फुकट जेवणाला नाही कसं म्हणणार?

"जा मंग," ते म्हणाले.

मठात बसय्या स्वामींनी लगेच पत्र दिलं. मी आनंदानं आंबिलीला फोडणी घालत होते, आणि तेवढ्यात मला आठवलं, की दाखला शेरवानीत आहे.

तशीच सुंदररावांच्या घरी गेले. विमलबाईंनी मोठ्या भक्तीनं देव्हाऱ्याजवळचं गाठोडं दाखवलं. ते पापडासारखं चपटं झालं होतं.

"यातली शेरवानी कुठं गेली वहिनी?"

"अगं बाई! ते घालून गेलते की. तालुक्याला मोठे साहेब यायलेत म्हणून. हळकुंड, सुपारी हाय तशीच ठिवली हाय बगा. धरमाला धक्का न्हाई लावला."

शेरवानी त्यांचीच, गाठोडं त्यांच्याच घरात. चोरी तरी कशी म्हणावी? मी "बरं" म्हणाले आणि ओट्यावर बसून राहिले.

सुंदरराव तिन्हीसांजेला आले. घामानं डबडबलेले होते, पण खुशीत. साहेबानं त्यांच्याकडं पाहून मान हलवली होती म्हणे. मी दाखल्याचं विचारलं. त्यांनी आतला खिसा चाचपला आणि त्यांची खुशी गेली.

"आयला! त्यो कागद तुमचा व्हता व्हय?"

झालं होतं असं. कचेरीत घाम पुसायला सुंदररावांनी खिशातून रुमाल ओढला, त्याबरोबर दाखला बाहेर पडला. तिथल्या पेशकार कारकुनानं तो उचलला. कचेरीत जमिनीवर पडलेला कागद म्हणजे कुणाची तरी दरख्वास्त, कुणाचा तरी अर्ज, असा त्याचा समज. त्यानं त्यावर आवक नंबर घातला आणि सरकारी मिसलीच्या फायलीत लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी हे, कल्याण आणि सुंदरराव असे तिघं तालुक्याला गेले. तिथं काय झालं ते यांनी मला जेवताना सांगितलं, आणि सांगताना त्यांना दोनदा ठसका लागला.

"पेशकार म्हणतोय, कागद दाखल झाला की त्यो माणसाचा राहत न्हाई, सरकारचा होतोय. मी म्हणलं, अहो हा पोराचा मॅट्रिकचा दाखला हाय. त्यो म्हणतोय, असल. पर ह्यात मागणी काय हाय? मी म्हणलं, मागणी कायबी न्हाई. त्यो म्हणतोय, मागणी न्हाई तर मंजूर कसं करावं? मी म्हणलं, मंजूर करू नका. तवा कुठं त्याचं तोंड उजळलं. म्हणला, असं सांगा की!"

मग त्यांनी एक वेगळी दरख्वास्त लिहून दिली, की आमची दरख्वास्त मेहरबानी करून नामंजूर व्हावी. ती त्याच दिवशी मंजूर झाली. एवढं चटकन काम त्या कचेरीत कुणाचं झालं नव्हतं असं सुंदरराव अभिमानानं सांगत होते. दाखला परत मिळाला. त्याच्या बरोबर मधोमध, निळ्या शाईत, उर्दूत, ताटाएवढा शिक्का होता: नामंजूर.

मी तो सुंदररावांच्या ओट्यावर पाहिला आणि घरी येऊन देवापुढं बसले. पुढं पुण्याच्या लोकांनी त्या शिक्क्याकडं पाहून निजाम सरकारची एवढी मोठी मोहोर पहिल्यांदाच पाहिली असं म्हटलं, आणि कल्याणला खुर्ची दिली. पण ते नंतरचं. त्या रात्री मला ठाऊक नव्हतं.

शिवाय कचेरीतून येताना दाखला घरात आणायचा नव्हता. तो प्रस्थानातला! सुंदररावांनी तो पुन्हा शेरवानीत, शेरवानी गाठोड्यात आणि गाठोडं आपल्याच घरी ठेवलं. मीच तसं सांगितलं होतं. एवढे दिवस नेम पाळायचे आणि शेवटी एका कागदासाठी मोडायचे, हे माझ्यानं होईना.

निघायचा दिवस उजाडला. केजला बार्शीची मोटार दुपारी सुटायची. ती चुकली तर बुधवार चुकला, आणि बुधवार चुकला तर पुढं गादी आणि उमापूर. धुळाजीचा राग गेला होता. त्याची दमणी आमच्या परसदारी, गंगासागरबाईंच्या भिंतीला लागून पश्चिमेच्या रस्त्यावर उभी होती. घोंगडीचं गाठोडं त्यानं न सांगता आधीच आत टाकलं होतं.

बेत असा होता. कल्याण पुढच्या दारानं निघेल. सुंदररावांकडून दाखल्याचं गाठोडं घेईल. मग पेठेतून वळसा घालून, आमच्या दाराकडं न येता, गंगासागरबाईंकडं जाईल, कोट-धोतरं उचलील आणि दमणीत बसेल. कल्याण पाया पडला. हे "जा" म्हणाले. पंडितबुवांनी नाकपुडीजवळ बोट नेऊन डावा श्वास चालू आहे की उजवा ते पाहिलं. कल्याण गेला.

मी मागच्या सोप्यात पूजेला बसले. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. या वेळी मी कुणाशी बोलत नाही, जागची उठत नाही. घराला आग लागली तर काय करायचं हे मी गुरूंना विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं पुढच्या बोळात धावत्या पावलांचा आवाज आला.

"आप्पा! पेठ बंद हाय!"

बाजाराचा दिवस. वेशीत दोन मिरच्यांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. चाकाचा आस मोडला होता, पोती फुटली होती, आणि अख्खी पेठ शिंकत होती. पलीकडं जायला एक किल्ल्याखालचा लांबचा रस्ता, म्हणजे कोसाचा वळसा, आणि तेवढ्यात केजची मोटार चुकायची. आणि दुसरा रस्ता म्हणजे आमचं घर. पुढच्या दारातून आत, परसदारानं बाहेर. पलीकडं दमणीचे बैल घुंगरं वाजवत उभे होते. ती मला ऐकू येत होती.

"आत येऊ नगंस!" पंडितबुवा ओरडले. "प्रस्थान उचलून उंबरा ओलांडला की मोडलं. मग नवा मुहूर्त अधिक सरल्यावर, निज आषाढात."

"निज आषाढात बुधवार गेलेला असंल की हो!" कल्याण म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता.

"भिंतीवरनं घ्या त्याला!" परसातून धुळाजी ओरडला. "न्हाईतर माळवदावरनं! उंबरा कुठं येतोय त्यात?"

सगळे माळवदाकडं पाहायला लागले. आमचं मातीचं सपाट छप्पर, वर मिरच्या वाळत घातलेल्या.

"माळवद," पंडितबुवा हळूहळू म्हणाले, "घरात धरायचं का घराबाहेर, हे बघावं लागंल."

"घरातच की!" सुंदरराव म्हणाले. ते कल्याणच्या मागोमाग आले होते. "वसुलीला माळवद मोजतात."

"पर पावसात त्यावर झोपत न्हाईत," गंगासागरबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या. "मंग घर कसं म्हणावं?"

"मौलवीसाहेबांना इचारू का?" कुणीतरी म्हणालं.

आणि मग यांचा आवाज आला. हळू, अगदी माझ्यासारखा. "जाऊ द्या. देवाच्याच मनात न्हाई. बस गादीवर, काय वाईट हाय?"

बोळात एक शिंकसुद्धा ऐकू आली नाही.

मी माझ्या तळहाताकडं पाहिलं. लिंग काळं, गुळगुळीत, बेलाच्या पानाखाली. इतकी वर्षं रोज तीनदा मी त्याच्याकडं पाहते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की त्याला तोंड नाही. सगळ्या देवांना तोंड असतं, त्यांना पूर्वेला बसवावं लागतं, उत्तरेला बसवावं लागतं. याला पुढं नाही आणि मागं नाही. मी पश्चिमेला वळले काय आणि आग्नेयेला वळले काय, याच्या दृष्टीनं मी जिथल्या तिथंच. तीन गाठोडी बांधून मी कुणाला दिशा दाखवत होते?

"कल्याण! आत ये!"

तो आवाज माझा होता हे मला जरा उशिरा कळलं. परसात बैल दचकले. गंगासागरबाई, ज्यांच्या आवाजानं आमची मांजरं पळतात, त्या "कोण गं बाई ओरडलं?" असं विचारत होत्या. पंडितबुवांनी पंचांग छातीशी धरलं.

"आन चपला काढून ये," मी म्हणाले. हे मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाले. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

कल्याण आत आला. शेरवानीचं गाठोडं काखेत, चपला हातात. माझ्याजवळ येऊन तो थांबला आणि वाकला. सकाळच्या गडबडीत मी त्याला विभूती लावायची विसरले होते, कारण माझं सगळं लक्ष उंबऱ्याकडं होतं. आता लावली. तीन बोटं, कपाळभर. लिंगावरचं बेलाचं पान त्याच्या हातात दिलं. तो काहीतरी बोलणार होता, पण मी पूजेत होते. त्याला माहीत होतं. तो परसदारानं गेला. पलीकडं गंगासागरबाईंनी कोटाचं गाठोडं भिंतीवरून दमणीत फेकलं, आणि "भाच्याला सांग, मावशीनं इचारलंय, किती जाड झालाय म्हणून!" हे वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल.

मी लिंग डबीत ठेवून गळ्यात घातलं आणि परसदारी आले. दमणीची धूळ खाली बसत होती. हे कधीच मागं येऊन उभे होते. मला वाटलं रागावतील. ते रस्त्याकडंच पाहत राहिले.

"पदवी घेऊन आल्यावर," ते म्हणाले, "त्यो दुकानात येईल."

"येईल की."

"वही मागंल."

दुकानाची वही कुठं आहे हे मला माहीत होतं. ती यांच्या डोक्यात आहे, आणि उरलेली भिंतीवर कोळशानं लिहिलेली आहे, आणि दिवाळीला भिंत सारवली की सगळ्या गावाची उधारी माफ होते.

"त्यो म्हणतोय, प्रत्येक पैशाची दोन ठिकाणी नोंद करतात," हे म्हणाले. "मी एका ठिकाणीबी करत न्हाई गं. पोरगा काय म्हणंल?"

तेव्हा मला कळलं, की एवढे दिवस सुपारी का कातरली जात होती. उमापूरची सोयरीक, अधिक महिना, गादी, सगळं याच्यापायी.

मला पोथी वाचता येते, आणि माझं अक्षर बरं आहे. मी हळूच म्हणाले, "तवर वर्सं हायेत की. उद्यापासून तुमी एका ठिकाणी लिवा. दुसऱ्या ठिकाणी मी लिवीन."

त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं.